पाव फेरा माझ्या नावाचा

मी खालचा बोल्ट बोलतोय. कुठला खालचा, असं विचाराल, तर एका तीनचाकी गाडीच्या गिअरपेटीच्या तळाशी असतो ना, तो. तुम्ही मला बघितलेलं नसणारच. मला बघायचं तर जमिनीवर उताणं पडावं लागतं, आणि शहाणं माणूस एका बोल्टासाठी कशाला उताणं पडेल? माझ्या डोक्यावर लिटरभर तेल उभं असतं. मी जरा सैल झालो की ते सगळं रस्त्यावर. पण आजवर कुणी वाकून म्हटलं नाही की, बाबा रे, बरं धरून ठेवलंयस. असो. गाऱ्हाणं मागाहून, आधी गोष्ट ऐका.

माझं डोकं सहा बाजूंचं आणि टोकाला एक लोहचुंबक. गिअरचे दात एकमेकांवर घासतात, त्यांचा बारीक चुरा पडतो. तो चुरा पकडून ठेवणं हेही माझंच काम. म्हणजे मीच दार, मीच झाडूवाला. माझा थोरला भाऊ वर, गिअरपेटीच्या कुशीत बसतो. त्याच्या भोकातून तेल भरतात आणि माझ्या भोकातून काढतात. तो सदा कोरडा, ऐटीत. मी सदा चिखलात.

आम्हा दोघांना या गाडीत आणलं ते दादांनी. दादा म्हणजे रोपवाटिकेचे मालक. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात, मीही म्हणतो. वहिनींचा डावा गुडघा लहानपणापासून अधू. रोपवाटिकेतल्या रोपांची नावं त्यांना पाठ, पण फाटकापर्यंत चालत जायचं तर दोनदा बसावं लागायचं. दादांनी एक जुनी दणकट मोटारसायकल घेतली, मागे एकाऐवजी दोन चाकं लावली, कुंड्या ठेवायला हौदा केला आणि गिअर बदलायला पायाऐवजी हाताचा दांडा बसवला. मग म्हणाले, "बस. आता तू मला फिरव." त्या दिवसापासून वहिनी पुढे आणि दादा मागे, कुंड्यांमध्ये मांडी घालून. बघणाऱ्याला वाटावं, हेही विकायलाच काढलेत.

दादांना एक खोड होती. कुठलाही बोल्ट पुरेसा आवळून झाला की थांबायचे, श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आणि हा पाव फेरा माझ्या नावाचा!" मग पान्याला लांब पाइप अडकवून आणखी एक हिसका. त्यांच्या घरातले नळ, बिजागऱ्या, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळ्यांनी तो पाव फेरा सोसलाय. मी तेवढा वाचलो. गाडीखाली पाइप फिरवायला जागाच नव्हती. थोरल्या भावाला मात्र दर खेपेला पुरेपूर मिळायचा.

चार वर्षांपूर्वी दादा गेले. कुंड्या भरता भरता गेले, हातात खुरपं तसंच होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी गिअरचं तेल बदललं होतं.

आणि तिथेच सगळं अडलं. वहिनींनी इंजिनचं तेल बदललं, ब्रेक बदलले, सीटही नवी शिवून घेतली. पण गिअरच्या तेलाचा विषय निघाला की त्यांचं एकच उत्तर. "ते यांच्या हातचं आहे. राहू दे."

मी तर त्या तेलातच बुडालेला. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की बाई, हातचं होतं, आता काहीच्या काही झालंय. काळं पडलं होतं, जळकट वास येत होता. थंडीच्या सकाळी तर असं घट्ट बसायचं, जसं काही घरजावई. वहिनी दांडा ओढायच्या, दांडा ऐकायचा नाही. दोन्ही हातांनी ओढला की खडाक! अख्खी रोपवाटिका दचकायची. त्यात वहिनींचं मनगट वयाप्रमाणे सुजायला लागलेलं.

मग एक दिवस व्हायचं ते झालं. टेकडीवरच्या दवाखान्याला कुंड्या द्यायच्या होत्या. ऐन चढावर दुसरा गिअर पडला नाही. गाडी मागे आली, ब्रेकने थांबली, पण पाच कुंड्या उतारावरून गडगडत खाली गेल्या. एक तर थेट न्हाव्याच्या दुकानात शिरली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो दुसऱ्या गावी नोकरीला. एवढ्या लांब त्याला ही बातमी कुणी दिली कोण जाणे, बहुधा न्हाव्यानेच. "आई, आता बास. शनिवारी मी येतो, गिऱ्हाईक बरोबर आणतो. गाडी विकून टाकू. तुला काय हवं ते लोक घरी आणून देतील."

वहिनी "बरं" म्हणाल्या. फोन ठेवल्यावर गाडीजवळ आल्या आणि कितीतरी वेळ दांड्यावरची धूळ पुसत राहिल्या. धूळ नव्हतीच.

हे सगळं बघत होत्या वन्सं. वन्सं म्हणजे दादांची बहीण, वहिनींची नणंद. दोघी साठीच्या पुढच्या. दादा गेल्यापासून हौद्यातली दादांची जागा वन्संकडे आलेली. अक्षर वाचता येत नाही, पण एकदा कानावर पडलेलं कायमचं लक्षात. नणंद-भावजय दिवसभर एकमेकींना टोमणे मारतात, आणि एकीला शिंक आली की दुसरी काढा ठेवते.

शुक्रवारी दुपारी वहिनी फेरी मारून आल्या, जेवल्या आणि आडव्या झाल्या. वन्संनी गोणपाट उचललं, गाडीखाली अंथरलं आणि चक्क उताण्या पडल्या. चार वर्षांनी मला माणसाचा चेहरा दिसला.

"ये रे बाबा खाली," वन्सं मला म्हणाल्या. "दादा सांगायचा, तेल गरम असताना काढावं, गाळासकट येतं."

मी गरगर फिरत बाहेर आलो आणि माझ्यामागून ते काळं तेल धारेने घमेल्यात. वन्संनी मला पुसायच्या आधी माझ्या टोकावरचा चुरा बोटाने चोळून बघितला. "काजळासारखा आहे. खडा लागत नाही. म्हणजे दात शाबूत आहेत हो तुझ्या गाडीचे, वहिनी," असं झोपलेल्या वहिनींना सांगून त्यांनी मला पदराच्या गाठीत बांधलं. माझ्या गळ्यातला तांब्याचा वॉशर चेपला होता, त्याच्या मापाचा नवा हवा होता. अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा बाजार बघितला. म्हणजे गाठीतून ऐकला.

"गिअरचं तेल दे," वन्सं दुकानदाराला म्हणाल्या. "आणि याच्या गळ्यात बसेल असा वॉशर."

"कुठलं तेल देऊ, काकू?"

"ऐंशी नव्वद. माझा भाऊ दरवेळी घोकत यायचा. पण त्या तेलानं सकाळी दांडा हलत नाही. सकाळीही हलू देईल असं काहीतरी दे."

"इंजिन आणि गिअर एकाच तेलावर की वेगळे?"

"वेगळे. दोन चुली आहेत."

दुकानदार हसला. "मग सिंथेटिक घ्या, पंच्याहत्तर नव्वद. मागचा आकडा तोच, म्हणजे तापल्यावर जाडी तेवढीच राहणार. पुढचा कमी, म्हणजे थंडीत लवकर हलणार."

"म्हणजे सकाळी आळस नाही आणि दुपारी पातळ होऊन पळणं नाही. असं माणूस असतं तर लग्न केलं असतं," वन्सं म्हणाल्या. "दे."

दुकानदाराने डबा पुढे केला आणि सहज विचारलं, "वरचा बोल्ट उघडून बघितलात ना आधी? लोक तेल काढून बसतात, आणि भरायचं भोकच उघडत नाही."

वन्संचा हात गाठीवर आला आणि मला घट्ट दाबून राहिला. दादांचा पाव फेरा आम्हा दोघांनाही एकाच क्षणी आठवला.

घरी आल्यावर तेच झालं. थोरला भाऊ हूं की चूं करेना. वन्संनी पाना लावला, लोंबकळल्या, हातोडीने ठोकलं. चार वर्षांचा गंज आणि वर दादांचा हिसका. आत गिअरपेटी रिकामी ठणठण, मी पदरात, आणि उद्या शनिवार.

ठोकाठोकीने वहिनी जाग्या झाल्या. दारात आल्या. घमेलं बघितलं, घमेल्यातलं काळं तेल बघितलं.

"वन्सं, हे काय केलंत?"

"बदलतेय."

"मी नको म्हटलं होतं. यांच्या हातचं शेवटचं होतं ते!"

"तुझा नवरा होता तसा माझा भाऊही होता, वहिनी. मला नाही वाटत का? पण तो तेल साठवायला शिकवून गेला की बदलायला?"

वन्संचा आवाज खाली आला. "उद्या ते पोरगं येईल आणि तुझी गाडी घेऊन जाईल. मग तू खिडकीत बसशील. त्यानं ही गाडी कशासाठी बांधली होती? तेल सांभाळायला?"

वहिनी घमेल्याजवळ बसल्या. एक बोट तेलात बुडवलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "शी. केवढं जळलंय." मग डोळे पुसले. बोट तेच, त्यामुळे गालावर काळी रेघ उमटली. वन्संनी ती सांगितली नाही.

"वरचा उघडत नसेल," वहिनी म्हणाल्या.

"तुला कसं कळलं?"

"त्या दिवशी मी इथेच उभी होते. म्हटलं, अहो, पुरे. तर म्हणे, हा माझ्या नावाचा, आणि हा तुझ्या नावाचा. दोन दिले, वन्सं. दोन! आणा तो पाइप. आणि आधी पाणी उकळा."

भावाच्या कडेने कढत पाणी ओतलं. वहिनींनी पान्याला दादांचाच पाइप अडकवला. एक पाय अधू आणि एक मनगट सुजलेलं, जोर लावणार कुठून? मग दोघी पाइपवर चढल्या. उजव्या पायावर वहिनी, दोन्ही पायांवर वन्सं, एकमेकींच्या कमरेला मिठी मारून. मी बाजूला पाटावर होतो, सगळं डोळ्यांनी बघितलं.

"हलवा ना जरा."

"हलतेच आहे की! तू जेवतेस तेवढं वजन टाक!"

"मी जेवते? काल भाकरी कोणी..."

कट्ट! थोरल्या भावाने दम सोडला. पाइप निसटला आणि नणंद-भावजय रोपांच्या मातीच्या ढिगाऱ्यात जाऊन बसल्या. आधी वन्सं हसल्या, मग वहिनी, आणि मग हसता हसता वहिनी रडल्या. वन्सं त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. गालावरची रेघ तोवर कानापर्यंत गेली होती.

नव्या वॉशरसकट मी माझ्या जागी गेलो. आवळलं वहिनींनी, उताण्या पडून, साध्या पान्याने. "बास," वन्सं म्हणाल्या, "आणखी आवळशील तर आटे जातील." नरसाळ्यातून नवं तेल आलं, सोनेरी, स्वच्छ. वहिनींनी वरच्या भोकात करंगळी वाकवून बघितली. बोटाला लागलं, तशा थांबल्या. काठोकाठ भरायचा मोह झाला नाही. जुनं तेल त्यांनी एका डब्यात भरलं. "झाडांपासून लांब ठेवा, मरतील," म्हणाल्या. बाकीचं दुकानदाराकडे द्यायचं ठरलं, थोडं मात्र फाटकाच्या करकरणाऱ्या बिजागऱ्यांना लागलं.

शनिवारी मुलगा आला, गिऱ्हाईक घेऊन. वहिनी म्हणाल्या, "आधी दवाखान्याच्या कुंड्या देऊन येऊ. बस मागे." वन्संनी आपली जागा त्याला दिली. तो मांडी घालून बसला, कडेला एक कुंडी धरून, थेट बापासारखा. गिऱ्हाईकही शेजारी चढलं, त्यालाही मांडीवर एक कुंडी मिळाली.

चढ आला. वहिनींनी दांड्यावर दोन बोटं ठेवली. फक्त दोन. दांडा सरकला आणि दुसरा गिअर असा पडला की मलाही कळलं नाही. खडाक नाही, काही नाही. वहिनींनी मान तिरकी करून वाट बघितली. आवाज आलाच नाही. त्यांचा चेहरा मला खालून दिसत नव्हता, पण दवाखान्यापर्यंत त्या गुणगुणत होत्या, ते ऐकू येत होतं.

"आई," वर पोचल्यावर मुलगा म्हणाला, "गाडीला काय केलंस?"

"तेल बदललं."

तो खाली उतरला, हौद्याभोवती एक फेरी मारून आला. मग गिऱ्हाईकाकडे वळून म्हणाला, "माफ करा हं. ही विकायची नाहीये." गिऱ्हाईक एव्हाना मांडीवरच्या जास्वंदीच्या प्रेमात पडलं होतं. त्याने चार कुंड्या विकत घेतल्या, आणि त्या घरपोच कुणी दिल्या हे सांगायला नको.

त्याला आता दोन वर्षं झाली. दर दहा हजार किलोमीटर मोजणं वन्संना जमत नाही, म्हणून त्या जास्वंद छाटली की तेल बदलतात. वाईट हिशोब नाही. आधी वरचा बोल्ट उघडतात, मग मला. मी पंधरा मिनिटं उन्हात पाटावर पडतो आणि दोघींची भांडणं ऐकतो.

मला फार काही मागायचं नाही. तुमच्याकडे गाडी असेल तर कधीतरी उताणे पडा. तिथे माझा कुणी भाऊबंद असेल, चार वर्षांचा काळोख धरून बसलेला. त्याला बाहेर काढा. आणि परत लावताना जपून.

भाव खाणारा माझा थोरला भाऊ आता सरळ झालाय. वहिनी त्याला साध्या पान्याने बसवतात, पाइप खुंटीवरच असतो. बसवून झाला की क्षणभर थांबतात, श्वास घेतात. मग उघड्या हाताने त्याच्या डोक्यावर हलकेच एक टपली मारतात.

"हा तुमच्या नावाचा," म्हणतात, आणि गाडी सुरू करतात.