नखातलं पीठ

औरादच्या बाजारात भाजीवाल्या माश्या मारत बसल्या होत्या, कारण सगळी गर्दी चिरंजीवबाबाच्या तंबूपुढं लोटली होती. केसांना काळाभोर कलप चोपडलेला बाबा आपलं वय एकशे चार सांगत होता.

"अण्णा, लोखंड गंजतंय, तसं मानूस आतून गंजतंय. माझ्या रसात सात रानफळांचं अँटिऑक्सिडंट हाय. गंज उतरला की वीस वर्सं कमी."

पुढ्यात तपकिरी पाण्याचे पेले होते. बाईनं बोटं बुडवली की पाणी काळंनिळं व्हायचं. "बघा, म्हातारपण उतरलं." मग बाबा रसाचे थेंब सोडायचा, पाणी नितळ व्हायचं आणि बाया हात जोडायच्या.

त्यांत सत्यभामाबाई होती. बाबाच्या नादानं तिनं पंधरा दिवस साखरेच्या आजाराच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि पायाची जखम चिघळली होती. तिची सून ज्योती शाळेत विज्ञान शिकवायची. जखम बघून तिच्या जिवाला घोर लागला, म्हणून तीही सासूमागं तंबूपाशी आली होती.

"आत्या, गोळ्या कामून सोडल्या?"

"म्हातारपणच उतरायलंय, मग गोळ्या कशाला?"

तेवढ्यात नव्वदीच्या, बोळक्या तोंडाच्या हरिबाअप्पांनी बोट बुडवलं. पाणी तपकिरीच राहिलं. पंचविशीच्या जगदेवीचं मात्र काळंठिक्कर पडलं.

"अप्पा आतून तरणे हायत," बाबानं सावरून घेतलं.

ज्योतीला हसू आवरेना. जगदेवी भाकरी थापून तशीच आली होती. हरिबाअप्पांनी जन्मात पिठाला हात लावला नव्हता.

तिनं सासूचे हात साबणानं, नखांसकट धुवून आणले. बोटं बुडवली, पाणी तसंच. मग चिमूटभर ज्वारीचं पीठ टाकून ढवळलं आणि पाणी काळंनिळं झालं. वर लिंबू पिळत राहिली, तसं ते नितळ झालं.

"पान्यात आयोडीन हाय. पीठ लागलं की काळं व्हतंय. बाबाच्या रसात आवळा असंल; आवळ्या-लिंबातलं क जीवनसत्त्व तो रंग घालवतंय. आवळा चांगलाच हाय, खावा की. पन त्यानं पेल्याचा रंग जातो, मानसाचं वय न्हाई."

एकशे चार वर्षांच्या माणसाला न शोभणाऱ्या चपळाईनं बाबानं तंबू गुंडाळला.

सत्यभामाबाई नखांकडं बघत राहिली. "जलमभर भाकरी थापल्या, अन् पीठ वळखू आलं न्हाई मला. चल, डॉक्टरला पाय दाखव."

डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर पायाचं बोट कापावं लागलं असतं.

तेव्हा फळं खुशाल खा, औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि कुणी तुमचं म्हातारपण पेल्यात दाखवायला लागला, तर आधी हात धुऊन या.