जागेपणी पाहिलेली वाट

चन्नम्मा बसल्या जागी निघून जायची. जळकोटच्या घराच्या ओसरीवर ती सुपाशी ज्वारी निवडत असायची आणि मधेच तिचे हात थांबायचे. डोळे उघडे, पण आत कुणीच नाही. गिरिजाबाईंनी हाका मारल्या तरी पापणी हलायची नाही. बऱ्याच वेळानं, लांबच्या गावाहून परतल्यासारखी ती सुस्कारा टाकायची आणि पुन्हा खडे वेचू लागायची.

एकदा गिरिजाबाईंनी हळूच विचारलं, "कुठं गेलतीस गं?"

"लांब," पोर म्हणाली. "तिथं समदं पिवळं व्हतं."

ती गिरिजाबाईंच्या नवऱ्याच्या, महांतप्पांच्या, चुलतभावाची लेक. पटकीच्या साथीत आईबाप दोघंही गेले. आधी अणदूरच्या मावशीनं सांभाळलं, मग नळदुर्गच्या मामानं. हैदराबाद राज्य मोडून जिल्हा मुंबईकडं आला, त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीनंतर महांतप्पा तिला आपल्या घरी घेऊन आले. गिरिजाबाईंना मूल नव्हतं. त्यांनी खणाचा परकर शिवला, केसांना तेल लावलं. चन्नम्मानं सगळं मुकाट करू दिलं. झोपायची मात्र नाही. अंथरुणावर ताठ पडून राहायची, आणि दिवसा अशी तरंगत असायची.

"बाहेरचं हाय काईतरी," शेजारच्या सारजाबाई म्हणाल्या. "उतरवून घ्या."

महांतप्पांनाही ते पटत होतं. पण गिरिजाबाई अडून बसल्या. "लेकरू कशाला तरी भ्यालंय. ते आधी कळू दे."

सोलापुरात प्रमोदिनीबाई नावाच्या डॉक्टरीण होत्या, मुंबईला मुलांच्या मनाचं शिकून आलेल्या. एसटीनं दोघी तिथं गेल्या. बाईंनी ना नाडी पाहिली, ना सुई टोचली. जाजमावर ओली माती, काड्या नि चिंध्यांच्या बाहुल्या मांडून त्या नुसत्या शेजारी बसल्या. पहिल्या खेपेला चन्नम्मानं कशालाच हात लावला नाही. दुसऱ्या खेपेला तिनं मातीची गाडी केली. तीत बाहुली आडवी ठेवली, वर चिंधी पांघरली आणि गाडी जाजमाच्या दुसऱ्या टोकाला नेली. मग बाहुली उठवून बसवली. पुन्हा निजवली. पुन्हा नेली.

"बाहुलीला कुठं नेतेस?" बाईंनी विचारलं.

"ठावं न्हाय. झोपली की न्येत्यात."

भिंतीशी बसलेल्या गिरिजाबाईंना एकदम उमगलं. महांतप्पांनी नळदुर्गहून पोर आणली ती पहाटेची, झोपेतच उचलून. मावशीच्या घरूनही ती तशीच निघाली होती. डोळे मिटले एका घरात, उघडले दुसऱ्यात.

"औषध नको," बाई निघताना म्हणाल्या. "तिला ती वाट जागेपणी दाखवा. आणि यापुढं तिला न सांगता, झोपेत कुठंही हलवू नका. खेळायला मात्र आणत राहा."

घरी गिरिजाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. महांतप्पा बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"रडू नये म्हणून उचलली मी," ते म्हणाले. "म्हटलं, लेकराला तेवढंच कमी दुखंल."

मग पौषातल्या एका सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, बैलगाडी निघाली. चन्नम्मा मधे बसली, डोळे ताणून. नळदुर्गला मामीनं गूळ-शेंगा दिल्या. पोरीनं अंगणातल्या खांबाला हात लावला. "हितं मी व्हते," ती स्वतःशीच म्हणाली. पुढं अणदूरला मावशी तिला पोटाशी धरून रडली. रात्री मुक्काम तिथंच झाला.

सकाळी मावशीनं विचारलं, "ऱ्हातीस का माझ्यापाशी?"

गिरिजाबाई गाडीतलं गवत पुन्हा पुन्हा सारखं करू लागल्या. चन्नम्मानं मावशीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. मग कुणी उचलायच्या आत चाकावर पाय देऊन ती वर चढली.

नळदुर्ग मागं पडलं. दोन्ही अंगाला करडई फुलली होती. उन्हात पिवळा रंग हलत होता, की गाडीच हलत होती, काही उमगत नव्हतं. बैलांच्या घुंगरांचा आवाज दुसऱ्याच कुठल्या गावातून आल्यासारखा वाटत होता. चन्नम्माची मान लवली, सावरली, आणि शेवटी गिरिजाबाईंच्या मांडीवर टेकली. ती झोपली होती, तोंड उघडं टाकून.

"अहो," गिरिजाबाई कुजबुजल्या.

महांतप्पांनी कासरा ओढला. गाडी लिंबाखाली घेतली, बैल सोडले. घरी धारा काढायच्या होत्या, पण ते बांधावर निवांत बसले. गिरिजाबाईंची मांडी बधिर झाली. वाटेनं जाणाऱ्या एकानं "काय मोडलं का?" म्हणून विचारलं, तर महांतप्पांनी नुसता हात हलवून त्याला पुढं धाडलं. सावली चाकावरून सरकत पार दांडीवर गेली.

ऊन कलल्यावर चन्नम्मानं डोळे उघडले. दचकून उठली. तीच गाडी, तीच करडई, तीच माणसं.

"आपुन हितंच?"

"व्हय," महांतप्पा म्हणाले. "तू झोपलीतीस. तुला न इचारता कसं न्यावं?"

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. मग डोळे चोळत म्हणाली, "चला की आता. भूक लागलीय."

पुढं उन्हाळाभर सोलापूरच्या खेपा चालू राहिल्या. आधी दुपारची झोप आली, मग हळूहळू रात्रीची. बसल्या जागी निघून जाणं काही एकदम थांबलं नाही, पण कमी होत गेलं. तशा वेळी गिरिजाबाई हाका मारत नसत. जवळ बसून वाती वळत राहायच्या. ती परतली की विचारायच्या, "काय बघितलंस?"

आणि चन्नम्मा सांगायची.