रजेचा रकाना

मित्रांनो, कतारगामच्या एका कापड कारखान्यातला मी जुना रिपोर्ट आहे. कागदावरचा नव्हे, संगणकातला. कोणता माग किती वेळा बंद पडला, हे मी रंगीत पट्ट्यांनी दाखवतो.

लहानपणी मी सडपातळ होतो. बटण दाबलं की हजर! मॅनेजर भूपेंद्रभाई आल्यागेल्याला कौतुकाने मला दाखवत. मग जो तो माझ्यात नवा रकाना घालू लागला. धागा तुटला की माझ्यात एक ओळ वाढे आणि प्रत्येक ओळीत कारागिराचं नाव, गाव, फोन, सगळं पुन्हा. ओळी लाखांवर गेल्या. मला उघडायला दहा मिनिटं लागू लागली. "रहेवा दो," म्हणत भूपेंद्रभाई उठून जात. मला फार वाईट वाटे.

मग कारभार अंदाजाने चालू लागला. खानदेशातून आलेल्या हिलालचा चौदा नंबरचा माग सारखा बंद पडे आणि कापड खराब निघे. "हिलाल का हाथ बिगड गया है, शनिवार से छुट्टी," भूपेंद्रभाईंनी ठरवून टाकलं.

हिलाल गौरीताईंकडे आला. संगणकाचं काम त्याच पाहत.

"ताई, आखाजीले मी गावले व्हतू. तवय बी ती मशीन बंदच पडे. पन मन्हं कोन ऐकस?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशी माणसं गावी जातात आणि बदली माणूस माग चालवतो. नोंद मात्र मूळ कारागिराच्याच नावावर होते.

गौरीताई माझ्यापुढे बसल्या. कारागिरांची माहिती त्यांनी वेगळ्या तक्त्यात एकदाच ठेवली आणि माझ्या ओळींत नुसता क्रमांक राहू दिला. कुणी कधीच न पाहिलेले रकाने काढले. मला हलकं हलकं वाटू लागलं. मग त्यांचा हात 'रजा' या रकान्यावर आला. तोही कुणी पाहत नसे. माझा जीव खालीवर झाला. त्या थांबल्या आणि तो रकाना त्यांनी राहू दिला.

शनिवारी भूपेंद्रभाई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच मी उघडलो. गौरीताईंनी आखाजीचे दिवस निवडले. हिलाल रजेवर, तरी चौदा नंबरची पट्टी तेवढीच उंच! भूपेंद्रभाईंनी त्या पट्टीवर बोट ठेवलं.

"मशीन खोलावो," ते हळूच म्हणाले. आत एक चाक झिजलेलं निघालं.

हिलाल त्या दिवशी डबा न आणताच आला होता. दुपारपर्यंत आपल्याला ठेवतील, असं त्याला वाटलंच नव्हतं. गौरीताईंनी आपली पोळीभाजी माझ्याच पडद्यासमोर त्याला वाढली.

म्हणून विनवतो, मित्रांनो, आमच्यात दिसेल ते कोंबू नका. आम्ही सुस्त झालो की तुम्ही आम्हाला विचारणं सोडता, आणि भोगतो एखादा हिलाल.