विरजणातलं औषध

माझ्या सासूबाई कॅप्सूलसुद्धा फोडून घेतात. वरचं कवच जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं, हे त्यांना मीच सांगितलं होतं, कारण मी फार्मासिस्ट आहे आणि फटकळही. तेव्हापासून आतली पूड मधात कालवून घ्यायची आणि कवच कचऱ्यात. आता अशा बाईच्या डोळ्यात हॅमस्टरच्या पेशींत बनलेलं औषध टोचायचं. हे ज्याला सोपं वाटतं त्याने आमच्या कुवेतमधल्या, सलवा भागातल्या घरी येऊन एक दिवस राहून दाखवावं.

झालं असं, की यंदा उन्हाळ्यात त्या म्हणायला लागल्या, दाराची चौकट वाकडी झालीय. माझा नवरा देवेंद्र सरळ बिल्डिंगच्या रखवालदाराशी भांडायला निघाला. मग एकदा आमची उर्वी त्यांच्यासमोर उभी असताना त्यांनी विचारलं, "कोण आहे?" नातीच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना नुसता डाग दिसत होता.

कुवेत सिटीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्यामागे नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्यात आणि पाझरताहेत. इंजेक्शनं लगेच सुरू केली तर आहे ती नजर टिकेल, थोडी परतही येईल. नाहीतर समोरचं माणूस कायमचं दिसेनासं होईल.

परत येताना गाडीत सासूबाईंनी विचारलं, "कशापासून काढतात रे ते?"

"झाडापासून, आई," देवेंद्र म्हणाला. "कसल्यातरी पाल्यापासून."

घरी आल्यावर मी त्याला बेडरूममध्ये गाठलं. "दुकानात ती बुशरा येते, दर वेळी विचारते, यात डुकराचं काही नाही ना. तिला मी कंपनीला फोन करून खरं सांगते. आणि घरच्या माणसाला थाप मारू?"

"खरं सांगितलंस तर ती इंजेक्शन घेणार नाही. मग तुझ्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय? बुशराचे डोळे जात नाहीयेत, संपदा. माझ्या आईचे जाताहेत."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला त्याचा आणखीच राग आला.

संध्याकाळी सासूबाई विरजण लावत होत्या. दूध कोमट झालंय का ते बोट बुडवून बघत होत्या. आमच्या घरचं विरजण त्यांच्या सासूबाईंपासूनचं. सांगलीहून स्टीलच्या डबीत, लुगड्यात गुंडाळून त्यांनी ते विमानाने आणलंय.

"झाडाचंच आहे ना गं?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"नाही, आई." माझ्या तोंडून निघून गेलं, मग सगळं सांगणं आलंच. "ते एक प्रोटीन आहे. माणसांनी डोकं लढवून, दोन-तीन ठिकाणचे तुकडे जोडून तयार केलेलं. रक्तवाहिन्यांना वाढायचा जो निरोप मिळतो, तो हे मधल्या मधे पकडतं. पण ते बनवून घेतात हॅमस्टरच्या पेशींकडून. उंदरासारखा प्राणी असतो."

"गणपतीचं वाहन, आई," देवेंद्र दारातून म्हणाला.

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"मारतात त्याला?" सासूबाईंनी विचारलं.

"औषधासाठी आता नाही मारत. तुम्ही पाळण्यात होतात, त्या सुमाराला कोणीतरी एका मादीच्या अंगातला इवलासा तुकडा काढला. त्याच पेशी अजून वाढवताहेत, मोठमोठ्या टाक्यांत. एकीतल्या थोड्या दुसरीत घालून."

"आणि ती मादी? मेली?"

"मला माहीत नाही. मेली असेलही."

त्या चमचा हातात धरून उभ्या राहिल्या. मला फार भीती वाटली. तोंड आवरलं असतं तर या बाईची नजर वाचली असती, असं वाटून स्वतःचाच संताप आला.

"म्हणजे विरजणच की," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी चमचाभर दही दुधात घातलं, ढवळलं, वर ताटली ठेवली. "देवेंद्र लहानपणापासून थापा मारतो. झाड म्हणाला तेव्हाच मी ओळखलं, जनावर आहे. तुला का विचारलं माहितीय? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझी आमटी खारट आहे म्हणाली होतीस. घेईन मी इंजेक्शन. फक्त त्या मादीच्या नावाने घास काढून ठेवेन."

इंजेक्शनच्या दिवशी सकाळी त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर वरणभाताचा घास ठेवला. कावळ्याऐवजी पारवा आला. "चालेल," म्हणाल्या.

दवाखान्यात नर्सने डोळा बधिर करायचे थेंब घातले, केसांवर निळी टोपी चढवली. त्या टोपीत त्या एवढ्याशा दिसायला लागल्या. आतून बोलावणं आलं आणि पहिल्यांदाच त्या घाबरल्या.

"संपदा, डोळ्यात सुई. दुखेल का गं?"

थेंब घातले तरी दाब जाणवतो, काहींना बरंच दुखतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"नाही, आई. मुंगी चावल्याएवढंसुद्धा नाही."

त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला. माझे गाल ओले होते.

"आता तूसुद्धा थापा मारायला लागलीस माझ्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरून आत निघाल्या.