पाचव्या दिवसाची अंघोळ

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि उरलंसुरलं जाळायला सांगलीच्या दवाखान्यात मला किरणांची गोळी दिली. गिळायला एक घोट पाणी पुरलं, निस्तरायला मात्र पंधरा दिवस. तेवढे दिवस अंगातून किरणं निघत राहणार, गरोदर बाईजवळ अजिबात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आमच्या पलूसच्या घरात धाकटी जाऊ साक्षी सहा महिन्यांची पोटुशी.

मागच्या खोलीत मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. तोंडाला कोरड, कानाखाली सूज, भाकरीचा घास घेतला तरी जिभेवर लोखंडाची चव. हे सगळं सोसलं असतं. पण माझ्या सासूबाईंना, सुलाबाईंना, बाईनं वेगळं बसणं एकाच कारणानं ठाऊक. पाचव्या दिवशी त्यांनी दारात गरम पाण्याची बादली ठेवली. घामानं जीव गेला होता म्हणून मी डोक्यावरून अंघोळ केली, आणि त्यांच्या लेखी विषय मिटला. अजून दहा दिवस राहिलेत म्हटलं, तर म्हणाल्या की शिकलेल्या बायकांची नाटकंच फार.

तासाभरात साक्षी तेलाची वाटी घेऊन आत आली. ही गुणी पोर, सासूचा शब्द खाली पडू देत नाही. मी भिंतीला टेकले, लांब हो म्हणाले, हात जोडले. ती हसली आणि सासूबाईंचा हवाला दिला.

"आत्याबाई म्हनल्या, आता चालतंय. बसा आक्का, केसांची येनी घालते."

दाराला आतून कडी नव्हती. ती हातभर अंतरावर आली आणि माझा धीर सुटला.

"मला लेकरू न्हाई. तुझं प्वाट बघितलं की माझ्या डोळ्यांत खुपतंय. परत या खोलीत येऊ नगंस."

ती वाटी तिथंच टाकून गेली. मी खोटं बोलले होते. पण सगळंच खोटं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

किरणं कुणाला पटली नव्हती, मत्सर मात्र लगेच पटला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली, धूर माझ्या खोलीपर्यंत आला. पुढचे दहा दिवस ताट उंबऱ्याबाहेर सरकवलं जायचं. मला हवं होतं तसंच सगळं झालं.

सोळाव्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले. साक्षी भाजी निवडत होती. मला बघून ती उठली, पोटावर पदर ओढून घेतला आणि सासूबाईंच्या मागं जाऊन उभी राहिली.