वाऱ्यानं ठेवलेलं पीठ

वारंगा फाट्यावर लिंबाखाली किशनरावबुवांची फटफटी उभी होती, आणि तिच्या पोटाखाली धुळीत काळा थेंब पडला होता. ग्यानबा मिस्त्री त्या थेंबाकडं बघत गुडघे टेकून बसला होता.

पोटासाठी इंजिनं उघडायची आणि जिवासाठी मृदंग वाजवायचा, असा ग्यानबाचा जन्म चालला होता. बुवांचे गुडघे धरल्यापासून आडबाजूच्या गावांतली कीर्तनं या फटफटीवरच होत. पुढं ग्यानबा, मागं मांडीवर मृदंग घेऊन बुवा. पण इंजिनाचं तेल उडून बुवांच्या पांढऱ्या धोतरावर काळी नक्षी उमटायची. मागल्या एकादशीला तर भर मंडपात बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ‘आता थेंब पडायचा न्हाई’ असा शब्द ग्यानबानं तीनदा दिला, तीनदा खालचा बोल्ट आवळला आणि तीनदा खोटा पडला. शेवटी बुवांनी आखाडा बाळापूरच्या तातेरावांना निरोप धाडला होता : सकाळी या, गाडी बघा, विकत घेऊन जा. शिरड शहापूरच्या सप्त्याचा काला आज बुवा एसटीनं गाठणार होते, म्हणून मृदंग जवळ घेऊन फाट्यावरच बाकड्यावर बसले होते. एसटी जात नव्हती त्या गावांतलं कीर्तन मात्र उद्यापासून मिटलं, आणि तिथला ग्यानबाचा मृदंगही.

थंडीचे दिवस होते. कोवळं ऊन लिंबातून गळत होतं. ग्यानबानं रॉकेलच्या फडक्यानं इंजिन लख्ख पुसलं. मग पिशवीतून पुडी काढली. मृदंगाच्या डाव्या तोंडाला घुमार यावा म्हणून भिजवलेली कणीक थापतात. त्यासाठी ते पीठ कायम त्याच्याजवळ असे. चिमूट कपाळाला लावून त्यानं ते सगळ्या इंजिनावर भुरभुरलं. तेल जिथून येईल तिथं पीठ भिजेल, एवढा साधा हिशेब.

चहाच्या हाटेलातून सोजराबाई म्हणाली, “ग्यानबाभाऊ, इंजिनाच्या पोळ्या करून राहिले काय?”

त्यानं किक मारली. गाडी जागेवरच धीम्या लयीत बोलू लागली, आणि लय कानात शिरली की ग्यानबा जागेवर राहत नसे. त्या ठेक्यामागं त्याला टाळ ऐकू आले, वीणा ऐकू आली. पांढरं इंजिन म्हणजे जणू कपाळभर गंध लावून डोलणारा कुणी म्हातारा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पीठ कोरडंच राहिलं.

तेव्हा त्याला वाटलं, कीर्तन उभं राहिल्याशिवाय रंगत नाही. ही पण पळाल्याशिवाय बोलायची नाही.

नांदेडच्या रस्त्यानं त्यानं गाडी सोडली. दोन्हीकडं कणसांवर आलेली जवारी मान हलवत होती. पीठ उडालं, पांढऱ्या बुक्क्यासारखं त्याच्या अंगावरून, कानांवरून मागं गेलं. वाटलं, रस्ता खाली राहिला आणि आपण त्या पांढऱ्या धुक्यात ठेका धरून तरंगतोय. देवा, एवढं कीर्तन तोडू नको, असं तो म्हणाला की नुसतं मनात आलं, त्यालाही कळलं नाही.

परत येऊन बघतो तर वाऱ्यानं पीठ नेलं होतं. इंजिन उघडं. ग्यानबा वाकला, आणखी वाकला, आणि तसाच राहिला.

सगळं पीठ गेलं नव्हतं. एक बारीक रेघ उरली होती. टाकीखाली, इंजिनाच्या माथ्यावर तेलाच्या नळीचा जोड होता. तिथून निघून ती रेघ पात्यांपात्यांतून वळणं घेत थेट खालच्या बोल्टापर्यंत आली होती. तेलानं धरलं तेवढंच वाऱ्यानं ठेवलं होतं.

“बुवा,” तो हळूच म्हणाला, “मी खाली आवळून राहिलो, अन् हे तर माथ्यावरून येऊन राहिलंय.”

बुवा म्हणाले, “आमचं पण तसंच हाय. लोकं पाय धुतात, मळ डोक्यात.”

त्या जोडातली तांब्याची चकती जुनी होऊन कडक पडली होती. नवी इथं कुठली मिळायला. ग्यानबानं ती सोजराबाईच्या चुलीत लाल होऊस्तोवर धरली आणि पाण्यात सोडली. चर्र झालं. तापून निघालेलं तांबं मऊ होतं. बसवलं तसं ते मुकाट्यानं जागेला चिकटलं. मग बुवांना मागं घेऊन तो लांबवर चक्कर मारून आला.

तोवर तातेराव येऊन बसले होते. बुवांनी खांद्यावरचं पांढरंशुभ्र उपरणं काढलं आणि गाडीखाली अंथरलं. चहा आला. ग्यानबाचा चहा हातातच निवला. बऱ्याच वेळानं बुवा वाकले, उपरणं उचललं, उन्हात धरून बघितलं. डाग नव्हता.

तातेराव खूश झाले. “बुवा, आता तर गाडी आपल्याला पायजेच.”

ग्यानबानं मान खाली घातली.

बुवांनी उपरण्याची धूळ झटकली, ते खांद्यावर टाकलं आणि मृदंग उचलून मागच्या सीटवर चढून बसले.

“तातेराव, तुमाला तकलीफ झाली,” ते म्हणाले, “पण आमी कीर्तनाला निघालो. तुमी एसटीनं या. काला खाऊन जा.”