उताराखालचं फाटक

ऐन थंडीत आमचा डोंगर शहाण्यासारखा वागतो. थंडी सरायला लागली की त्याचं डोकं फिरतं. रात्री दगडासारखा गोठलेला बर्फ दुपारच्या लख्ख उन्हात सुटतो आणि खालच्या रस्त्यावर जे असेल ते दरीत नेतो. खालून आलेल्यांना ढग बघून धडकी भरते. आम्हाला निळं आभाळ बघून भरते.

त्या रस्त्यावर फाटक आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. उतारावर ऊन असेल तोवर फाटक बंद. सावली पडून बर्फ पुन्हा घट्ट झाला की उघडायचं. आणि आमच्याकडची रीत अशी, की फाटक उघडेल त्यानेच पहिल्या गाडीत बसायचं. त्यामुळे फुकटचं उदार कुणी होत नाही.

त्या दिवशी भर दुपारी नणंदेच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या जावयांची, जीप फाटकाशी येऊन थांबली. मागच्या सीटवर वन्सं आडव्या पडलेल्या. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या होत्या. दवाखाना उताराच्या पलीकडे.

"वहिनी, फाटक उघडा."

"ऊन आहे."

"दिसतंय मला."

"मग जरा वरही बघा."

वरून लिंबाएवढे बर्फाचे गोळे घरंगळत होते. उतार सुटायला लागला की असंच होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"बायको माझी आहे, वहिनी."

"आणि नणंद माझी. जीपमध्ये तीन जीव आहेत."

"चार म्हणा ना. तुम्हालाही बसावं लागेल, खरं दुखणं ते आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. भीती वाटत होती. उतार सुटलाय म्हणून मी अडवतेय की जिवाला घाबरून, माझं मलाच कळेना. किल्ली मुठीत आवळून मी मागे जाऊन बसले आणि वन्संचं डोकं मांडीवर घेतलं. त्या कण्हत होत्या, पण मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि ते मेलं ऊन काही हलेना.

शेवटी सावली पडली. गोळे थांबेपर्यंत मी आणखी थांबले, मग फाटक उघडलं आणि पुढे जाऊन बसले. उताराखालून जाताना माझी नजर वरच होती. वरून खडासुद्धा पडला नाही.

दवाखान्यात मुलगी झाली. रडली नाही. तिला उचलून नर्स शेजारच्या खोलीत पळाली.

"इतका उशीर?" डॉक्टरीणबाई संतापल्या. "आधी आणायला काय झालं होतं?"

जावई माझ्याकडे बघत राहिले. माझी मान खाली.

"रस्ता बंद होता," वन्सं डोळे मिटूनच म्हणाल्या.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. खरं सांगते, त्या वेळी वाटलं की तो उतार आता कोसळावा. रिकाम्या रस्त्यावर, पण कोसळावा. जावयांना ऐकू जाईल असा. पोर आत श्वासासाठी झगडतेय आणि मी हे मागतेय, म्हणून स्वतःचीच शिसारी आली. तरी माझा एक कान दाराकडे होता आणि एक डोंगराकडे.

बऱ्याच वेळाने आतून बारीक रडणं ऐकू आलं. डोंगर गप्पच होता. मी पदर तोंडाशी धरला आणि ढसाढसा रडले.